आवरणे आणि सावरणे : सामाजिक भय, भावनियमन आणि आत्मकरुणा

१

‘जनाची नाही, तर निदान मनाची तरी लाज बाळगावी’ असा एक वाक्प्रचार मराठीत रूढ आहे. निर्लज्ज माणसाला उद्देशून तो वापरला जातो. त्यात दोन न्यायासने गृहीत धरलेली आहेत. एक बाहेरचे, चारचौघांचे. दुसरे आतले, ज्याचे त्याचे. पहिल्याचा धाक सुटला तरी दुसऱ्याचा उरावा, अशी समाजाची अपेक्षा त्यातून व्यक्त होते. परंतु याच वाक्प्रचाराला एक उलट बाजूही आहे, आणि तिच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. ज्याच्या मनात जन कायमचे वस्तीला आले आहेत असाही माणूस असतो. तो खोलीत एकटा असला तरी चारचौघांतच असतो. त्याच्या बाबतीत ही दोन न्यायासने वेगळी राहत नाहीत. बाहेरच्या न्यायाधीशांनी अद्याप तोंडही उघडलेले नसते, आणि आतला न्यायाधीश त्यांच्या नावाने निकाल देऊन मोकळा झालेला असतो. मानसशास्त्र या अवस्थेला सामाजिक भय अथवा सामाजिक चिंता असे म्हणते.

या अवस्थेचा, भावनांच्या नियमनाचा आणि अलीकडे ‘आत्मकरुणा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वृत्तीचा परस्परसंबंध काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय मानसशास्त्राचा असला तरी तो साहित्याच्या अभ्यासकांपुढे मांडण्यास कारण आहे. माणूस स्वतःशी कोणत्या शब्दांत आणि कोणत्या पुरुषात बोलतो, या प्रश्नाशी हा विषय येऊन थांबतो. आणि हा प्रश्न जितका मनाचा, तितकाच भाषेचा व वाङ्मयीन रूपांचा आहे.

लेखाला निमित्त घडले ते असे. बंगळूरच्या दक्षिणेस, होसूर रस्त्यावर, बोम्मसंद्रा ही मोठी औद्योगिक वसाहत आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेल्या मेट्रोच्या पिवळ्या मार्गाचे हे शेवटचे स्थानक. कारखान्यांतून व प्रयोगशाळांतून काम करणारी, निरनिराळ्या भाषा बोलणारी तरुण मंडळी येथे भाड्याच्या खोल्यांतून राहतात. त्यांपैकी काही मराठी तरुण रविवारी एकत्र जमून वाचन करीत. काही महिन्यांपूर्वी त्यांच्या बैठकीस जाण्याचा योग आला. एका तरुणाने एक अभंग वाचावयास घेतला. तिसऱ्या चरणाशी त्याचा आवाज बसला, हातातला कागद थरथरू लागला, आणि तो ‘माफ करा’ म्हणून खाली बसला. कुणी हसले नाही. वाचन पुढे चालू झाले. त्यानंतरच्या दोन बैठकींना तो आला नाही. दूरध्वनीवर तो म्हणाला, ‘सर, मी त्या दिवशी हसं करून घेतलं. रोज रात्री तेच डोळ्यांपुढं येतं.’ ते ‘हसं’ बैठकीतल्या कुणाच्याही लक्षात राहिले नव्हते. ते फक्त त्याच्याजवळ उरले होते.

२

या अनुभवासाठी आपल्या भाषांत शब्दांची वाण नाही. मराठीत लाज आहे, संकोच आहे, बुजरेपणा आहे, आणि या सर्वांहून वेगळी अशी भीड आहे. लाज घडून गेलेल्या वा उघड्या पडलेल्या गोष्टीची वाटते. संकोच पुढे होण्यापूर्वी वाटतो. भीड मात्र समोरच्या माणसाची पडते. तिच्यात आदर आहे, धाक आहे, आणि ‘नाही’ म्हणता न येण्याची अगतिकताही आहे. भीड पडते, भीड वाटते, भीड चेपते, आणि तिची परिणती ‘भीड भिकेची बहीण’ या म्हणीने सांगितली जाते. बंगळूरच्या कन्नड बोलण्यात या जागी ‘दाक्षिण्य’ हा शब्द येतो. मराठीत दाक्षिण्य म्हणजे सौजन्य, विशेषतः स्त्रियांविषयीचे. कन्नडमध्ये मात्र समोरच्याचे मन मोडवत नाही म्हणून होणाऱ्या कोंडीची छटा त्याला आहे. संस्कृतातून आलेला एकच शब्द शेजारच्या दोन भाषांत असा वेगळ्या अंगाने वाढला. ‘संकोच’ मात्र दोहोंकडे जवळजवळ सारखाच राहिला.

या शब्दांतून एक गोष्ट स्पष्ट होते. आपल्या परंपरेत लाज व भीड यांची गणना दोषांत झाली नाही. पुष्कळदा ती गुणांतच झाली. नाट्यशास्त्रात तेहतीस व्यभिचारी भावांत व्रीडा आहे. शंका, त्रास, दैन्य आणि जडता हेही आहेत. मान खाली घालणे, जमिनीवर रेघा ओढणे असे व्रीडेचे अनुभावही तेथे सांगितले आहेत. व्यभिचारी भावाचे लक्षण हे की तो येतो आणि जातो. स्थायी भावाला पोसतो आणि विरून जातो. सभेत उभे राहताना क्षणभर व्रीडा वाटणे हे निरोगी मनाचेच लक्षण होय. पीडा सुरू होते ती हा येणारा-जाणारा भाव घरात ठाण मांडून बसल्यावर.

३

आधुनिक वैद्यकाने ही पीडा स्वतंत्रपणे ओळखण्यास बराच काळ घेतला. पिएर जाने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने १९०३ मध्ये सामाजिक प्रसंगांच्या भयाचे वर्णन केले. १९६६ मध्ये आयझॅक मार्क्स व मायकेल गेल्डर यांनी लंडनमध्ये इतर भयांपासून ते वेगळे केले. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या वर्गीकरणात त्यास स्वतंत्र स्थान मिळाले ते १९८० मध्ये. जपानमध्ये मात्र शोमा मोरिता यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतच अशा रुग्णांवरील उपचारांची पद्धती उभारली होती. जपानी वर्णनातील एक विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. तेथील काही रुग्णांना आपले हसे होईल याहून, आपल्या नजरेने, लाजेने वा गंधाने दुसऱ्याला त्रास होईल, याचीच भीती अधिक वाटते. सामाजिक भयाला संस्कृतीचा आकार असतो, याचे हे स्पष्ट उदाहरण होय.

हे भय टिकून का राहते, याचा एक उलगडा डेव्हिड क्लार्क व एड्रियन वेल्स यांनी १९९५ मध्ये मांडला, आणि तो आजही आधारभूत मानला जातो. त्याचे सार असे. भयग्रस्त माणूस सभेत शिरताच त्याचे लक्ष समोरच्यांवरून निघून स्वतःवर स्थिरावते. आवाज कसा येतो आहे, हात थरथरतो आहे काय, याची तो आतून पाहणी करतो, आणि या आतल्या संवेदनांवरून बाहेरून आपण कसे दिसत असू याचे चित्र रंगवितो. हे चित्र तो प्रत्यक्ष पुरावा समजतो. समोरच्यांचे खरे चेहरे त्याने पाहिलेलेच नसतात, त्यामुळे ते चित्र खोडून काढण्याची संधीही त्याला मिळत नाही. फजिती टाळण्यासाठी तो काही तजवीज करतो : वाक्ये पाठ करून येतो, नजर टाळतो, पेला घट्ट धरतो. प्रसंग बरा पार पडला तर श्रेय या तजविजीला जाते. ती नसती तर काय झाले असते, हे भय जसेच्या तसे राहते. प्रसंग संपल्यावर, घरी, रात्री, त्याची उलटतपासणी सुरू होते. बोम्मसंद्र्याच्या त्या तरुणाचे ‘रोज रात्री तेच डोळ्यांपुढं येतं’ हे वाक्य या शेवटच्या टप्प्याचे होय.

येथे भावनियमनाचा प्रश्न उपस्थित होतो. जेम्स ग्रॉस यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या विवेचनानुसार भावनेवर आपण निरनिराळ्या टप्प्यांवर उपाय करू शकतो : प्रसंगच टाळणे, प्रसंगात बदल करणे, लक्ष दुसरीकडे वळविणे, प्रसंगाचा अर्थ नव्याने लावणे, आणि अखेरीस, भावना उत्पन्न झाल्यावर तिचा आविष्कार दाबणे. सामाजिक भयाने ग्रासलेला माणूस बहुधा पहिला आणि शेवटचा हे दोनच उपाय हाती धरतो. शक्य तेथे तो जात नाही. जावेच लागले तर चेहऱ्यावर काही दिसू देत नाही. दाबण्याचा हा उपाय महाग पडतो, असे प्रयोगांतून दिसून आले आहे. चेहरा शांत दिसतो, पण आतली अस्वस्थता कमी होत नाही. शरीराचा ताण वाढतो. आणि सारे लक्ष स्वतःवर पहारा ठेवण्यात गुंतल्यामुळे समोर काय बोलले गेले हेही नीट आठवत नाही.

मराठी क्रियापदांनी हा भेद फार पूर्वीच नोंदून ठेवला आहे. आपण भावना ‘आवरतो’, आणि स्वतःला ‘सावरतो’. हुंदका आवरणे म्हणजे तो बाहेर पडू न देणे. तोल सावरणे म्हणजे डळमळ झालीच नाही असे दाखविणे नव्हे. डळमळ मान्य करून पुन्हा पायांवर येणे होय. आवरण्यात बंदी आहे, सावरण्यात आधार आहे. शिवाय सावरणे हे क्रियापद दुसऱ्यासाठीही चालते. दुःखात असलेल्या माणसाला आपण सावरतो. हे लक्षात ठेवून आत्मकरुणेकडे वळू.

४

‘आत्मकरुणा’ हा शब्द मराठी कानाला प्रथम खटकतो. आत्मप्रौढी, आत्मस्तुती, आत्मवंचना या शब्दांच्या पंक्तीत तो बसल्यासारखा वाटतो. स्वतःची कीव करणे असाच त्याचा अर्थ कुणी करील. परंतु कीव आणि कणव यांत अंतर आहे. कीव वरून खाली पाहते. कणव शेजारी बसते. आपणास येथे अभिप्रेत आहे ती कणव.

क्रिस्टिन नेफ या अमेरिकन संशोधिकेने २००३ मध्ये या संकल्पनेची मांडणी करताना तिची तीन अंगे सांगितली. अपयशाच्या क्षणी स्वतःला झोडपण्याऐवजी ममतेने वागविणे, हे पहिले. आपले अपयश आपल्या एकट्याचे नसून माणूस म्हणून सर्वांच्या वाट्याला येणारे आहे हे ओळखणे, हे दुसरे. वेदना दडवू नये आणि तिच्यात बुडूनही जाऊ नये, तर ती आहे तशी पाहावी, हे तिसरे. या मांडणीवर बौद्ध विचाराचे ऋण आहे, आणि ते नेफ यांनी मान्य केले आहे. बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या पाचव्या शतकातील ग्रंथात मैत्रीभावनेचा आरंभ स्वतःपासून करावा असे सांगितले आहे. तेव्हा पश्चिमेकडून आलेल्या या विचाराचे एक मूळ आपल्याच मातीत आहे.

सामाजिक भयाशी या तीन अंगांचा संबंध सहज लक्षात येतो. आतला न्यायाधीश कठोर असतो. तेथे ममता हवी. ‘माझेच असे होते, इतर सारे निर्धास्त आहेत’ हा समज असतो. तेथे समानतेची जाणीव हवी. रात्रीच्या उलटतपासणीत माणूस बुडालेला असतो. तेथे काठावर उभे राहून पाहणारी दृष्टी हवी. वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सामाजिक भयाच्या रुग्णांत आत्मकरुणा इतरांपेक्षा कमी आढळली. पुढील अभ्यासांतूनही हे नाते पुष्कळदा पुन्हा दिसले. मात्र असे सहसंबंध कार्यकारणभाव सिद्ध करीत नाहीत. करुणा कमी म्हणून भय वाढते, की भय वाढल्याने करुणा आटते, हे त्यावरून ठरत नाही. दोन्ही गोष्टी एकमेकींना पोसत असणे संभवते. पॉल गिल्बर्ट यांनी आणखी एक अडचण दाखवून दिली आहे. काही माणसांना करुणेचीच भीती वाटते. स्वतःशी मृदू झालो तर ढिले पडू, असे त्यांना वाटते. ज्याला कधी कुणी मायेने सावरलेले नाही, त्याला स्वतःला सावरण्याची भाषाच ठाऊक नसते.

प्रस्तुत लेखातील मुख्य प्रश्न येथे येतो. ही भाषा माणूस शिकतो कोठून?

५

मराठी परंपरेने या प्रश्नाचे उत्तर एका प्रसंगाच्या रूपाने जतन केले आहे. ताटीच्या अभंगांचा हा प्रसंग सर्वपरिचित आहे. विठ्ठलपंतांनी संन्यास घेऊन पुन्हा गृहस्थाश्रम स्वीकारला म्हणून आळंदीच्या समाजाने त्यांच्या कुटुंबाला वाळीत टाकले. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई ही चार भावंडे ‘संन्याशाची पोरे’ म्हणून हिणवली गेली. एके दिवशी कुणीतरी केलेल्या अपमानाने व्यथित होऊन ज्ञानदेव झोपडीत शिरले आणि त्यांनी दाराची ताटी लावून घेतली. धाकट्या मुक्ताईने बाहेर उभे राहून ती उघडण्याची विनवणी केली. मुक्ताईच्या नावावर परंपरेने चालत आलेले हे अभंग म्हणजे ती विनवणी होय.

येथे सावध राहिले पाहिजे. ज्ञानदेवांना एखाद्या आधुनिक विकाराचे नाव चिकटविणे हा अविवेक ठरेल. अभंगांतून दिसतो तो खेद आहे, रोष आहे; भय नव्हे. परंतु जनांनी दिलेली जखम, तिच्यापायी स्वतःला कोंडून घेणे, आणि दाराबाहेरून येणारा आवाज, ही रचना आपल्या विषयाशी थेट जुळणारी आहे. मुक्ताई काय करते आणि काय करीत नाही, हे त्या दृष्टीने पाहावे.

‘काहीच झाले नाही’ असे ती म्हणत नाही. अपमान झाला हे ती मान्य करते. शब्द शस्त्रासारखे लागतात हेही तिच्या बोलण्यात गृहीत आहे. ती भावाची कीव करीत नाही; त्याचे योगीपण, त्याचे मोठेपण ती त्याला आठवून देते. जग आगीसारखे वागले तर संताने पाण्यासारखे व्हावे, हा तिचा आशय आवरण्याचा उपदेश नव्हे. ती प्रसंगाचा अर्थच नव्याने लावते. पुढे ती जो दाखला देते तो विशेष महत्त्वाचा आहे. आपलीच जीभ आपल्या दातांखाली सापडली म्हणून कुणी बत्तीशी पाडीत नाही, असा त्याचा भाव आहे. दुखविणारा आणि दुखावलेला हे एकाच देहाचे अवयव ठरताच ‘ते सारे’ आणि ‘मी एकटा’ ही फाळणी मोडते. नेफ ज्याला समान मानवतेची जाणीव म्हणतात, तिचे इतके घरगुती आणि इतके नेमके रूपक क्वचितच आढळेल. आणि हे सारे बोलणारी व्यक्ती त्याच अपमानाची वाटेकरी आहे. ती काठावरून उपदेश करीत नाही. हिणवल्या गेलेल्या चौघांतली ती एक आहे.

याच वृत्तीचा विस्तार ज्ञानेश्वरीच्या अखेरीस पसायदानात दिसतो. तेथे दुष्टांचा नाश मागितलेला नाही. त्यांच्यातला वाकडेपणा जावा एवढेच मागणे आहे. निंदकाविषयी असे मागणे करणारे मन स्वतःविषयीही कठोर राहू शकत नाही.

ताटीच्या अभंगांवरून आपल्या प्रश्नाचे उत्तर असे मिळते : स्वतःविषयीची करुणा प्रथम दुसऱ्याच्या आवाजात ऐकू येते. तिचे पहिले रूप द्वितीय पुरुषी आहे.

६

हा बाहेरचा आवाज आत कसा येतो? याची दोन वाङ्मयीन रूपे सतराव्या शतकातील मराठीत ठळकपणे दिसतात.

पहिले रूप रामदासांच्या ‘मनाचे श्लोक’ या रचनेचे. भुजंगप्रयात वृत्तातील या २०५ श्लोकांत बोलणारा आणि ऐकणारा एकच आहे, तरी व्याकरण दोघांचे आहे. मन हे संबोधनात येते. विशेष हे की त्या मनाला ‘सज्जन’ म्हणून हाक मारली जाते. उपदेश पुष्कळ ठिकाणी कडक आहे, चुकांची यादीही आहे. परंतु ज्याला उपदेश करावयाचा तो मुळात चांगला आहे, हे आधी मान्य केलेले आहे. आतल्या न्यायाधीशाच्या भाषेत आरोपीला अशी हाक कधीच मारली जात नाही. हे श्लोक महाराष्ट्रात शतकानुशतके मुलांकडून पाठ करवून घेतले गेले. त्यातून कोणता आशय किती उतरला हे सांगणे कठीण. पण मनाशी ‘तू’ म्हणून बोलता येते, ही सवय मात्र त्यांनी लाखो कानांत रुजविली.

दुसरे रूप नाममुद्रेचे. अभंगाच्या शेवटी कवी स्वतःचे नाव घेऊन तृतीय पुरुषात बोलतो : नामा म्हणतो, तुका म्हणतो. मुद्रेचे मुख्य कार्य कर्तृत्वाची खूण हेच आहे, यात शंका नाही. परंतु रूढीचाही परिणाम असतो. अभंगाच्या आरंभी जो ‘मी’ व्याकूळ असतो, तोच अखेरीस ‘तुका’ होऊन काही पावले दूर उभा राहतो आणि आपल्या व्याकुळतेकडे पाहून बोलतो. वृक्षवेलींच्या सहवासातील एकांताचे वर्णन करणाऱ्या सुप्रसिद्ध अभंगात तुकोबांनी स्वतःच्याच मनाशी चालणाऱ्या वादसंवादाचा उल्लेख केला आहे. तो संवाद चालण्यासाठी लागणारे अंतर मुद्रेच्या रूपाने छंदातच बांधलेले आहे.

या ठिकाणी प्रायोगिक मानसशास्त्र अनपेक्षितपणे आपल्या मदतीस येते. ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एक प्रयोगमाला प्रसिद्ध केली. अनोळखी माणसांपुढे भाषण करण्यासारख्या ताणाच्या प्रसंगी काही व्यक्तींना ‘मी’ हे सर्वनाम वापरून, तर काहींना स्वतःचे नाव वा ‘तू’ वापरून, स्वतःशी विचार करण्यास सांगण्यात आले. दुसऱ्या गटातील व्यक्तींना त्रास कमी झाला, आणि प्रसंगानंतरची उलटतपासणीही कमी झाली. ज्यांचा स्वभावच सामाजिक भयाकडे झुकणारा होता, त्यांच्या बाबतीतही हा लाभ दिसला. केवळ पुरुषवाचक सर्वनाम बदलल्याने हे घडावे, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाने दुर्लक्षिण्याजोगी नाही. मात्र यावरून संतांनी मानसोपचार शोधून काढला असे म्हणणे हास्यास्पद होईल. आपले म्हणणे एवढेच की वाङ्मयीन रूप हे मनाच्या वापरासाठी तयार असलेले एक साधन असते.

येथे एक भेदही नोंदविला पाहिजे. अंतर म्हणजे करुणा नव्हे. तृतीय पुरुषात स्वतःला शिव्याही देता येतात. तुकोबांच्या गाथेत आत्मनिर्भर्त्सनेचे कठोर अभंग थोडे नाहीत. ते मात्र देवापुढे केलेले निवेदन आहे. ऐकणारा माउली आहे हे गृहीत धरूनच ते बोलले गेले. ऐकणारा कोण, यावर कबुलीचा अर्थ अवलंबून असतो.

७

ऐकणाऱ्याच्या या प्रश्नाचे एक वेगळे उत्तर कन्नड परंपरेत मिळते, आणि बंगळूरला बसून लिहिताना त्याचा निर्देश करणे क्रमप्राप्त आहे. बाराव्या शतकातील वचनांत कवीचे नाव येत नाही; येते ते इष्टदेवाचे. बसवण्णांच्या वचनांत कूडलसंगमदेव, अक्कमहादेवींच्या वचनांत चेन्नमल्लिकार्जुन. यालाच अंकित म्हणतात. मराठी मुद्रेत बोलणारा दूर होतो. कन्नड अंकितात श्रोता बदलतो. वचन अनेकांसमोर गायिले जाते, पण बोलले जाते एकालाच. जनांचा दरबार तेथेच असतो, निकाल मात्र दुसरीकडून यावयाचा असतो. अक्कमहादेवी शरणांच्या सभेत आल्या तेव्हा अल्लमप्रभूंनी त्यांची कसोटी घेतली, ही कथा ‘शून्यसंपादने’ या ग्रंथात आली आहे. देह, वस्त्र आणि लाज यांविषयी भर सभेत विचारल्या गेलेल्या प्रश्नांना त्या उत्तरे देतात. कारण ज्याच्या नजरेची त्यांना पर्वा आहे तो त्या सभेतील कुणी नाही. पुढे पुरंदरदासांच्या पदांत अंकित आहे ‘पुरंदरविठ्ठल’ : नाव कवीचेही आणि देवाचेही. पंढरीचा विठ्ठल दोन्ही भाषांना सामाईक, तसाच मुद्रा व अंकित यांचा हा संगमही सीमेवरचा.

८

या विवेचनाला एक गंभीर मर्यादा आहे, आणि ती सांगितल्याशिवाय लेख पुरा होणार नाही. सामाजिक भयाची व्याख्या करताना वैद्यक असे गृहीत धरते की भय प्रत्यक्ष धोक्याच्या मानाने अवाजवी आहे. परंतु धोका खराच असेल तर? चोखोबांना मंदिराबाहेर उभे राहावे लागले ते संकोचामुळे नव्हे. दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८), लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०), शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४) या आत्मकथनांतून वर्गात, पंगतीत, पाणवठ्यावर वाटणारी जी धास्ती व्यक्त झाली आहे, ती कल्पित न्यायाधीशांची नव्हे. ते न्यायाधीश हजर होते आणि त्यांनी शिक्षाही केली होती. अशा माणसाला ‘स्वतःशी प्रेमाने वाग’ एवढेच सांगणे म्हणजे समाजाचा अपराध त्याच्या मनाच्या खात्यावर लिहिणे होय.

तरीही ‘बलुतं’च्या रचनेकडे पुन्हा पाहावे. त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो, आणि ऐकणारा आहे शिकलेला दया पवार. दोघे एकच आहेत. नावाची लाज वाटावी अशी व्यवस्था समाजाने केली होती. लेखकाने त्याच नावाला बोलते केले आणि स्वतः समोर बसून ऐकले. स्वतःला दोन करून एकाने दुसऱ्याचे ऐकून घेण्याचे हे रूप मुद्रेहून वेगळ्या काळात, वेगळ्या कारणाने जन्मले. पण काम त्याच दिशेचे आहे. फरक हा की येथे करुणा अन्यायाचा पुरावा पुसत नाही. तो नोंदविण्याचे बळ देते. आत्मकरुणा न्यायाची जागा घेऊ शकत नाही. न्याय मागण्यासाठी ताटी उघडून बाहेर यावे लागते, आणि त्यासाठी ती उपयोगी पडू शकते.

९

समारोप थोडक्यात करता येईल. सामाजिक भयात जन मनात येऊन बसतात. भावना आवरल्याने ते उठून जात नाहीत. उलट पहारा वाढतो. उपयोग होतो तो सावरण्याचा, आणि सावरण्याची भाषा माणसाला जन्मतः येत नाही. ती प्रथम दुसऱ्याकडून, दाराबाहेरून ऐकू येते. मग मनाशी ‘तू’ म्हणून बोलण्यात उतरते. मग स्वतःचे नाव घेऊन स्वतःकडे पाहण्यात स्थिरावते. आत्मकरुणेला केवळ एकट्याने करावयाचा अभ्यास मानणाऱ्यांनी हा क्रम ध्यानात घ्यावा. मुक्ताई नसेल तर मनाला सज्जन म्हणणारा आवाज यावयाचा कोठून?

जेथे भय इतके वाढले आहे की शिक्षण, नोकरी वा सहवासच बंद पडावा, तेथे वाङ्मय पुरेसे नाही. तज्ज्ञांकडे जावे, आणि तसे जाण्यात लाज नाही. बोम्मसंद्र्याहून शहराकडे येणाऱ्या याच होसूर रस्त्यावर १९७४ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय मानसिक आरोग्य व तंत्रिका विज्ञान संस्था आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेलि-मानस’ ही शासकीय दूरध्वनी सेवा (क्रमांक १४४१६) भारतीय भाषांतून सल्ला देते. आपल्या भाषेत सल्ला मिळणे ही केवळ सोय नव्हे. ज्या भाषेत लाज शिकविली गेली, तिच्यातच ती सैल व्हावयाची असते.

तो तरुण पुन्हा बैठकीस आला. त्याच्या खोलीत राहणारा मित्र त्याला घेऊन आला होता. काय सांगून आणले, हे मी विचारले नाही. आल्यावर प्रथम त्याने कागद टेबलावर ठेवून वाचला, म्हणजे थरथर दिसू नये. पुढच्या एका रविवारी मात्र तो कागद हातात धरून उभा राहिला. कागद थरथरत होता, ते सर्वांना दिसत होते, आणि त्यालाही दिसत होते. त्याने अभंग मुद्रेपर्यंत वाचला.